राज्यशास्त्र ऑनर्स आणि एकास एक ट्युटोरियल : सत्राचे पंधरा आठवडे कसे लावावेत

खानदेशात ‘ट्यूशन’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती संध्याकाळची शिकवणी : गाळ्यात दाटीवाटीने बसलेली मुले, फळ्यावरून उतरवून घेतलेल्या नोट्स आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मिळणारी ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी. त्यामुळे चार वर्षांच्या ऑनर्स अभ्यासक्रमात राज्यशास्त्र मेजर (मुख्य विषय) घेतलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी ‘तुझे ट्युटोरियल मी स्वतंत्र घेईन’ असे सांगितले, की आता सर आपल्याला एकट्याला शिकवणार, असाच त्याचा समज होतो. तो पहिल्याच दिवशी दूर करावा लागतो. शिकवणीत शिक्षक बोलतात आणि विद्यार्थी लिहून घेतो. ट्युटोरियलमध्ये विद्यार्थी आधी लिहून आणतो, लिहिलेल्याच्या बाजूने बोलतो आणि शिक्षक त्याला प्रश्न विचारत राहतात. त्या तासाला तुमचे लिखाण हाच पाठ असतो. लिखाण नसेल तर तास होत नाही, मग शिक्षक कितीही विद्वान असोत.

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवतो. पुढे लिहिले आहे ते ऑनर्सच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यातील काही भाग माझ्यासारख्या शिक्षकांनाही लागू पडेल.

ही पद्धत मुळात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतली. तिथे विद्यार्थी एकटा किंवा एक-दोन सोबत्यांसह दर आठवड्याला शिक्षकांकडे जातो आणि लिहून आणलेल्या निबंधावर चर्चा होते. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाने 1972 साली याच पद्धतीवर एक स्वतंत्र ऑनर्स ट्युटोरियल कॉलेज उभे केले. तिथला विद्यार्थी सत्रागणिक किमान एक ट्युटोरियल करतो आणि शेवटी प्रबंध लिहितो. आपल्याकडे असे वेगळे कॉलेज नाही. मात्र आपल्या नव्या क्रेडिट रचनेत या पद्धतीला जागा आहे, आणि ती कुठे आहे हे विद्यार्थ्याने स्वतः पाहून घ्यावे.

प्रवेशाआधी काय विचारावे

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जो आराखडा दिला, त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान 160 क्रेडिट लागतात. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण असतील, तर चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येते आणि त्यात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. ट्युटोरियलच्या एका क्रेडिटचा अर्थ पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास, म्हणजे एकूण 15 तास. अभ्यासक्रमाच्या तक्त्यात व्याख्यान, ट्युटोरियल आणि प्रात्यक्षिक यांचे तीन रकाने असतात. त्यातला मधला रकाना आपल्या विषयासमोर भरलेला आहे की तिथे शून्य आहे, हे आधी पाहावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्यामुळे विद्यापीठाचा ताजा अभ्यासक्रम स्वतः उतरवून घ्यावा आणि वर्गमित्राने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये.

त्यानंतर विभागप्रमुखांना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात. ट्युटोरियलचा तास वेळापत्रकात लिहिलेला असेल की ‘सवडीने या’ असे असेल? एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील? आणि टिपणांचे, म्हणजे ट्युटोरियलसाठी लिहून आणलेल्या छोट्या निबंधांचे, गुण इंटरनलमध्ये (अंतर्गत मूल्यमापनात) धरले जातील का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘सवडीने’ असे आले, तर तो तास दिवाळीपर्यंत टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. दुसऱ्या प्रश्नामागे साधा हिशोब आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन असते. आठ विद्यार्थ्यांना दर आठवड्याला एकेक तास द्यायचा म्हटला, तर निम्मा कार्यभार तिथेच संपतो. म्हणून आमच्यासारख्या छोट्या विभागात झेपणारी पद्धत अशी की प्रत्येकाला पंधरा दिवसांतून एक पूर्ण तास एकट्याचा, आणि मधल्या आठवड्यात दोघांची मिळून अर्ध्या तासाची बैठक, ज्यात एकाने दुसऱ्याचे टिपण वाचून त्यावर बोलायचे. हा बदल विद्यार्थ्यानेच सुचवला तरी चालतो. बहुतेक शिक्षकांना तो सुचवलेला आवडतो.

सत्राचा एकपानी करार

पहिल्या आठवड्यात शिक्षकांसोबत बसून एक पान तयार करावे. त्यावर सत्राचा मुख्य विषय, सहा टिपणांचे सहा कच्चे प्रश्न, तारखा, टिपण कधी व कसे पोहोचवायचे आणि तास चुकला तर तो कधी भरून काढायचा, एवढेच असावे. दोघांनी त्याची एकेक प्रत ठेवावी. सहा प्रश्नांपैकी शेवटचे दोन पेन्सिलने लिहावेत, कारण चौथ्या टिपणापर्यंत तुमचा विषय सरकलेला असतो आणि तो सरकायलाच हवा.

तारखा ठरवताना कॉलेजचे कॅलेंडर पुरत नाही. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला घरची सगळी माणसे लागतात. अशा दोन-तीन आठवड्यांत टिपण मागू नये आणि कबूलही करू नये. त्या काळात वाचन आणि क्षेत्रभेटीच्या नोंदी ठेवाव्यात. उन्हाळी सत्रात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा तास सकाळी साडेसातला ठेवलेला बरा. शेवटची एसटी किंवा सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर पकडायची असलेल्या मुलीला संध्याकाळी पाचचा तास देणे म्हणजे तिला वीस मिनिटांचा तास देणे होय, आणि हे पहिल्याच भेटीत सांगण्याचा संकोच करू नये.

प्रश्न कसा घडवावा

‘पंचायतराज’ हा विषय झाला. ‘पंचायतराजचे महत्त्व’ हाही विषयच आहे, फक्त त्याला परीक्षेचा वास येतो. ट्युटोरियलला प्रश्न लागतो. दोन समंजस माणसे त्याची वेगवेगळी उत्तरे देऊ शकतील आणि ती तपासायला लागणारी कागदपत्रे दोन आठवड्यांत हाती येतील, असा प्रश्न चांगला.

असे प्रश्न शोधायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन आणि तिथला शेतीविषयक कार्यक्रम दोन्ही प्रसिद्ध आहेत. ‘फैजपूर अधिवेशनाची माहिती’ लिहिण्यापेक्षा ‘फैजपूरच्या कार्यक्रमात कूळ आणि शेतमजूर यांचे हितसंबंध एकच धरले होते की वेगळे?’ असे विचारले, तर ठराव ओळीओळीने वाचावा लागतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. यात राजकीय कर्तव्य आणि कायदेभंग यांचा प्रश्न दडलेला आहे : कायदा मोडणारा माणूस शिक्षा आनंदाने का भोगतो, आणि तशी भोगल्याने कायद्याची अधिमान्यता (लोकांनी तो योग्य म्हणून मानणे) वाढते की घटते? शहाद्याच्या परिसरात 1970 च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या जमिनींसाठी उभी केलेली चळवळ, 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, धडगाव-अक्कलकुव्याकडचे वन हक्काचे दावे, यांतल्या प्रत्येकातून सत्रभराचे प्रश्न निघतात.

वन हक्काचेच घ्या. 2006 च्या कायद्यानुसार वैयक्तिक दाव्यासाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो आणि मर्यादा 4 हेक्टरची आहे. दावा आधी ग्रामसभेच्या वन हक्क समितीकडे जातो, मग उपविभागीय आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे. ‘ग्रामसभेने मान्य केलेला दावा वरच्या समितीने नाकारला, तर ग्रामसभेकडे असलेल्या गोष्टीला सत्ता म्हणायचे की शिफारस?’ या एका प्रश्नात राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या अर्ध्या संकल्पना कामाला लागतात.

वाचन : एका वाक्याच्या मागे तीन तारखा

ट्युटोरियलसाठी वाचायचे म्हणजे खूप वाचायचे, असे नाही. एका टिपणासाठी तीन मूळ दस्तऐवज आणि दोन विवेचक लेख पुरेत. मात्र दस्तऐवज मुळातूनच वाचावा, कारण पाठ्यपुस्तकातली वाक्ये तासाला पहिल्या पाच मिनिटांत मोडतात.

एका विद्यार्थ्याच्या टिपणात वाक्य होते, ‘डॉ. आंबेडकरांचा ग्रामपंचायतींना विरोध होता.’ हे वाक्य कित्येक नोट्समध्ये सापडते. मी विचारले, कोणत्या सालचे आंबेडकर? तो गप्प बसला. मग आम्ही पंधरा दिवसांचे वाचन ठरवले. संविधान सभेच्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. 4 नोव्हेंबर 1948 चे भाषण त्याने काढले. त्यात बाबासाहेब खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हणतात, आणि संविधानाच्या मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त करतात. इथवर नोट्स बरोबर होत्या. पण त्याच महिन्याच्या 22 तारखेला के. संथानम यांनी ग्रामपंचायती संघटित करण्याविषयीची दुरुस्ती मांडली, ती बाबासाहेबांनी स्वीकारली आणि तीच आजचे अनुच्छेद 40 होय. मग तो मागे गेला. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड राज्य शासनाने काढले, त्यांतल्या दुसऱ्या खंडात मुंबई विधिमंडळातली भाषणे आहेत. तिथे ऑक्टोबर 1932 चे ग्रामपंचायत विधेयकावरचे भाषण आहे. त्यातला आक्षेप प्रामुख्याने प्रतिनिधित्वाचा आहे : प्रौढ मताधिकार दिला तरी तेवढ्याने भागत नाही, अस्पृश्य वर्गाला राखीव जागा हव्यात.

या तीन तारखा शेजारी ठेवल्यावर चौथी आपोआप पुढे आली. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली आणि तिच्यातल्या अनुच्छेद 243 ‘घ’ ने पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश राखीव जागा दिल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये महिलांचे प्रमाण 50 टक्के केले. विद्यार्थ्याचे सुधारलेले वाक्य असे झाले : ‘राखीव प्रतिनिधित्वाविना येणाऱ्या ग्रामपंचायतीला आंबेडकरांनी 1932 मध्ये विरोध केला, आणि खेडे हा राज्यघटनेचा घटक असू नये हे त्यांचे मत 1948 मध्येही कायम होते; मात्र पंचायत ही संस्था त्यांनी नाकारली नाही.’ हेही वाक्य अखेरचे नाही. 1932 ची अट 1993 मध्ये पूर्ण झाली असे म्हणावे का, यावर पुढचा अख्खा तास गेला. पण आता वाद घालण्याजोगे काहीतरी हाती होते.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि अमळनेरात 1916 सालापासूनचे तत्त्वज्ञान मंदिर आहे. जवळपासच्या विद्यार्थ्याने सत्रात एकदा तरी तिथे जावे. जाताना विभागाचे पत्र आणि नेमका प्रश्न न्यावा. ‘काही मिळेल का बघायला आलो’ असे म्हणणाऱ्याला फारसे काही मिळत नाही.

शब्दांची वही

मराठीतून राज्यशास्त्र शिकणाऱ्याची एक वेगळी अडचण आहे, आणि ट्युटोरियलइतका तिचा छडा दुसरीकडे कुठे लागत नाही. ‘अधिकार’ हा शब्द घ्या. ‘माहितीचा अधिकार’ यात तो नागरिकाकडे आहे, ‘जिल्हाधिकारी’ यात तो अधिकाऱ्याकडे आहे. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत ‘मूलभूत हक्क’ आहेत, 2005 च्या माहितीच्या कायद्यात ‘अधिकार’ आहे, 2006 च्या वन हक्क कायद्यात पुन्हा ‘हक्क’ आले. पुस्तकांत सत्ता, अधिसत्ता, प्राधिकार आणि अधिमान्यता हे शब्द लेखकागणिक थोडे सरकतात. त्यामुळे ‘ग्रामसभेला अधिकार आहे’ असे लिहिले, तर त्याचे निदान तीन अर्थ होतात : तिला तसे करण्याचा हक्क आहे, तिचा निर्णय बंधनकारक आहे, किंवा लोक तिचे म्हणणे मानतात. हे तिन्ही एकाच वेळी खरे असतीलच असे नाही.

‘राज्य’ या शब्दाचेही तसेच. ‘राज्याने हस्तक्षेप केला’ म्हणजे महाराष्ट्राने, सरकारने, की राज्यसंस्थेने? अनुच्छेद 12 मध्ये मूलभूत हक्कांपुरती ‘राज्य’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात स्थानिक प्राधिकरणेही येतात, म्हणजे त्या अर्थाने तुमची ग्रामपंचायत हेही ‘राज्य’ आहे. ही गोष्ट कळल्यावर एका विद्यार्थ्याने आपले आधीचे टिपण परत मागून घेतले होते.

म्हणून दोनशे पानी वही घालावी. डाव्या पानावर शब्द आणि तो कोणत्या लेखकाने किंवा कायद्याने कसा वापरला ते लिहावे. उजव्या पानावर मी तो या सत्रात कोणत्या अर्थाने वापरणार, ते एका वाक्यात लिहावे. इंग्रजी लेख वाचताना परिच्छेदागणिक भाषांतर करत बसू नये. लेख पूर्ण वाचून पुस्तक मिटावे आणि लेखकाचे म्हणणे मराठीत सात-आठ ओळींत सांगावे. जिथे अडाल, तिथला शब्द वहीत घालावा.

टिपण लिहिताना

टिपण हजार ते बाराशे शब्दांचे असावे. पहिल्या परिच्छेदात प्रश्नाचे उत्तर द्यावे. ‘प्राचीन काळापासून भारतात…’ अशी सुरुवात पाहिली की मी ती ओळ खोडून टाकतो, आणि आजवर एकाही टिपणाचे त्यामुळे काही बिघडलेले नाही. पुढच्या तीन-चार परिच्छेदांत कारणे द्यावीत. प्रत्येक कारणामागे एक दस्तऐवज किंवा स्वतः पाहिलेली एक गोष्ट असावी. त्यानंतर आपल्या उत्तरावरचा सर्वांत बळकट आक्षेप मांडावा. हा परिच्छेद बहुतेक जण दुबळा लिहितात, कारण स्वतःच उभे केलेले बुजगावणे पाडणे सोपे असते. आक्षेप असा लिहावा की तो घेणाऱ्या माणसाने वाचून ‘हो, हेच माझे म्हणणे’ असे म्हणावे. मग त्याला उत्तर द्यावे, किंवा उत्तर सापडले नसेल तर तसे नमूद करावे.

हाताने लिहिलेले चालते. ओळींना क्रमांक द्यावेत, म्हणजे तासाला ‘ओळ 34’ म्हणता येते. आदल्या संध्याकाळी सातपर्यंत पानांचे फोटो शिक्षकांना पाठवावेत. त्यानंतर आलेले टिपण शिक्षकांनी वाचू नये, असे माझे मत आहे. ते कठोर वाटेल, पण सकाळी घाईत वाचलेल्या टिपणावरचा तास दोघांचाही वाया जातो. मोबाइलवरच्या यंत्राकडून लिहून घेतलेल्या टिपणाबद्दल एवढेच सांगतो, की ‘तिसऱ्या परिच्छेदातला “परंतु” कशासाठी?’ या एका प्रश्नाला ते टिकत नाही.

प्रत्यक्ष तास

तासाची सुरुवात विद्यार्थ्याने करावी. टिपण वाचून दाखवू नये. पाच मिनिटांत आपले उत्तर आणि ज्या जागी आपल्यालाच खात्री नाही ती जागा सांगावी. शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर आले पाहिजे, असे नाही. मिनिटभर शांत बसण्याची सवय दोघांनाही लावून घ्यावी लागते, आणि शिक्षकांना ती अधिक जड जाते.

एक तास इथे सांगतो. विद्यार्थिनी धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातली, टिपण ग्रामसभेवर. पहिलीच ओळ : ‘ग्रामसभा ही प्रत्यक्ष लोकशाहीची पाठशाळा आहे.’ पुढे सगळे नीट होते : वर्षाला किमान चार सभा, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या रूढ तारखा, आणि गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. मी विचारले, तुझ्या गावच्या मागच्या सभेला किती माणसे होती? तिने मान खाली घातली, आणि मग प्रमाण मराठी सोडून म्हणाली, ‘सभाले कोन जास सर, सहीनं रजिस्टरच घर येस.’ सभेला कोण जाते, सह्यांचे रजिस्टरच घरी येते. बोलून झाल्यावर ती ओशाळली, कारण सरांच्या खोलीत आपण अहिराणीत बोललो असे तिला वाटले.

तिच्या बाराशे शब्दांत नव्हते ते सगळे राज्यशास्त्र त्या एका वाक्यात होते. मी तिला ते वाक्य वहीत जसेच्या तसे लिहायला सांगितले, आणि उरलेली चाळीस मिनिटे आम्ही त्यावरच प्रश्न काढत बसलो. रजिस्टर कोण आणते? आधी कोणत्या गल्लीत येते? बायकांच्या सह्या कोण करते? सही करण्याआधी ठराव कोणी वाचतो का? तिने स्वतः सही केली होती का? (एकदा केली होती, अठरा पूर्ण झाल्यावर पहिल्याच वर्षी.) गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही, मग रजिस्टर घरोघर फिरवण्याची गरज कोणाला आणि का पडते? शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. तिच्या पुढच्या टिपणाचा प्रश्न मात्र तिथेच ठरला : ‘गणपूर्तीची अट नेमके काय मोजते, हजेरी की संमती?’

यातून घ्यायची सूचना अगदी व्यवहारातली आहे. विचार ज्या बोलीत येतो, त्या बोलीत आधी बोलावा, मग ती अहिराणी असो, यावल-रावेरकडची लेवा गणबोली असो की सातपुड्यातली भिल्ली-पावरी. लिहिताना प्रमाण मराठीत आणावा. उलट क्रमाने गेले की वाक्ये सुबक होतात आणि त्यांतली माणसे निघून जातात. शिक्षकांना बोली येत नसेल, तर समजावून सांगावे. त्या समजावण्यातही अर्थ नीट होतो.

गावातले असे तपशील लिहिताना गावाचे आणि माणसांचे नाव टिपणात घालू नये. तुम्हाला त्याच गावात राहायचे असते, आणि रजिस्टर आणणाराही बहुधा तुमचा चुलताच असतो.

तासानंतरचा अर्धा तास

खोलीतून बाहेर पडल्यावर लगेच, कॅन्टीनला जाण्याआधी, तीन गोष्टी लिहाव्यात : माझे कोणते वाक्य मोडले, कोणते टिकले आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी हे आठवत नाही. आठवते ते फक्त सर खूश होते की नाही, आणि त्याचा उपयोग नाही. त्याच आठवड्यात टिपणातला एकच परिच्छेद, सर्वांत जास्त मोडलेला, पुन्हा लिहावा. अख्खे टिपण पुन्हा लिहू नये.

अडचणी

पहिली अडचण माझ्यासारख्या शिक्षकांची आहे. सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थ्याच्या तासाला मी साठपैकी पन्नास मिनिटे बोललो. विषय सार्वभौमत्वाचा होता आणि मला तो आवडतो. विद्यार्थी दर वेळी ‘समजले सर’ म्हणत होता. पंधरा दिवसांनी त्याचे टिपण आले, तर त्यात माझीच वाक्ये होती, माझ्या एका चुकीसह. तेव्हापासून मी टेबलावर घड्याळ ठेवतो. शिक्षक व्याख्यानाकडे वळले, तर विद्यार्थ्याने ‘सर, मी माझी ओळ 20 पुन्हा वाचू का?’ असे म्हणावे. हे उद्धटपणाचे होत नाही.

दुसरी अडचण मतभेदाची. राज्यशास्त्रात शिक्षकांचे पक्ष, जात आणि चळवळीबद्दलचे मत कधी ना कधी कळतेच. त्यांना रुचेल असे लिहिण्याचा मोह टाळावा, आणि मुद्दाम डिवचण्याचाही. वाद दस्तऐवजावर आणावा : ‘सर, ठरावात तर असे लिहिले आहे.’ एवढे करूनही तास अस्वस्थ करणारा होत असेल, तर विभागप्रमुखांकडे शिक्षक बदलून मागण्यात गैर काही नाही. एकास एक तास कॉलेजच्या वेळेत, कॉलेजमध्ये आणि दार उघडे ठेवूनच व्हावा, हा नियम दोघांच्याही सोयीचा आहे.

तिसरी अडचण घरची. ‘याने एमपीएससी-यूपीएससीला काय फायदा?’ हा प्रश्न वडील विचारतात आणि तो वावगा नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससी) मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा आहे आणि पूर्णपणे वर्णनात्मक आहे. तिथे मुद्दा मांडून त्याच्या बाजूने लिहिण्याची ही सवय थेट उपयोगी पडते. पूर्वपरीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नांना ती पडत नाही, त्याची तयारी वेगळी करावी लागते. घरी असेच स्पष्ट सांगावे.

प्रबंधाकडे

चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय जून महिन्यात अचानक शोधत बसू नये. तोवर झालेल्या टिपणांचे गठ्ठे काढावेत आणि तासानंतर लिहिलेल्या नोंदींतले ‘उत्तर नव्हते’ हे रकानेच फक्त वाचावेत. एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत तीन वेळा आलेला दिसला, तर प्रबंध त्यावर करावा. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीच्या वहीत तो चार वेळा आला होता. तिने आपले गाव वगळून शेजारच्या तालुक्यातली तीन गावे निवडली, विभागाचे पत्र घेतले आणि 2 ऑक्टोबरच्या सभेला पहिल्या गावी जाऊन बसली. सभेची वेळ अकराची होती. साडेअकराला ग्रामसेवक आले, पावणेबाराला शिपायाने सतरंजी अंथरली, आणि तिने वहीच्या पहिल्या ओळीत लिहिले : हजर सात, मला धरून आठ.